आईची चामड्याची टोपली

अप्पा माझ्याकडे राहायला आले ते एका रविवारी सकाळी, रिक्षातून. बिबवेवाडीतली त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. नवी उभी राहीपर्यंत जवळच कुठेतरी खोली घेऊन एकटं राहायचं, असा त्यांचा बेत होता. तो मी आणि माझ्या मुलीने मिळून हाणून पाडला. दोन बॅगा, औषधांचा डबा, आईचा फोटो एवढंच सामान. आणि मांडीवर एक चामड्याची टोपली. कर्वेनगरला आमच्या दारात उतरल्यावर त्यांनी बॅगा माझ्याकडे दिल्या, फोटो नातीकडे दिला. टोपली मात्र स्वतः कवटाळून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि अप्पांचे गुडघे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वर येऊन टेकले ते अर्धा तास उठले नाहीत.

ही टोपली मी लहानपणापासून पाहत आलेय. परातीएवढं गोल तोंड, गुडघ्याला लागेल एवढी उंची, दोन बाजूंना दोन कान, आणि रंग जुन्या गुळासारखा. आई तिच्यात इस्त्रीचे कपडे ठेवायची. पुढे आईचे हात दुखायला लागले, ती जड टोपली तिला उचलेना, तेव्हा ती माळ्यावर गेली. आईला जाऊन तीन वर्षं झाली. माळा रिकामा करताना ती अप्पांच्या हाती लागली आणि बाकीचं सगळं भंगारवाल्याला देणाऱ्या माणसाने ही तेवढी ठेवून घेतली.

टोपलीला इतिहास होता, आणि तो अप्पांना पाठ होता. आईच्या आजोबांनी म्हणे खडकीच्या एका इंग्रज साहेबाचा जीव वाचवला होता, आणि साहेबाने खूश होऊन त्यांना आपली काडतुसांची टोपली बक्षीस दिली होती. पाहुणे आले की चहाबरोबर ही गोष्ट व्हायची. कधी साहेबाला रानडुकराने गाठलेलं असायचं, कधी अस्वलाने. आई त्या वेळी बशा उचलून स्वयंपाकघरात जायची. ती गालातल्या गालात हसायची हे मला आठवतं, पण नवऱ्याच्या कौतुकाने हसते असंच मला वाटायचं.

आमच्याकडे आल्यावर अप्पा गप्प झाले. पिंपरीच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म लेथवर गेला, शेवटी फोरमन झाले. दिवसभर माणसांत आणि आवाजात राहिलेला माणूस. बिबवेवाडीत खाली उतरलं की ओळखीचा किराणावाला, ओळखीचा न्हावी, कट्ट्यावरची चार माणसं होती. इथे तीन जिने. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, मुलगी हिंजवडीला. संध्याकाळी घरी यावं तर अप्पा बाल्कनीतल्या खुर्चीत जसे सकाळी सोडले तसेच बसलेले. "काय केलंत आज?" विचारलं तर म्हणायचे, "श्वास घेतला."

त्यात टोपलीला बुरशी आली. माळ्यावरच्या धुळीत ती बरी होती, आमच्या बंद खोलीत पांढरी पडली आणि वास मारायला लागली. मी म्हटलं, "अप्पा, हिचं काहीतरी करावं लागेल. फेका म्हणत नाही मी. पण ही अशी कोपऱ्यात नको."

"काही करायचं तर आधी ती काय आहे ते नीट कळायला हवं," अप्पा म्हणाले.

"काडतुसांची टोपली ना?"

अप्पांनी टोपलीच्या कडेवरची बुरशी बोटाने पुसली. मग म्हणाले, "ते मी रचलेलं होतं गं."

मी आणि माझी मुलगी, दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"लग्न झालं तेव्हा हिच्या सामानात ती होती. काय आहे विचारलं तर ही म्हणाली, आमच्याकडची जुनी आहे. एवढंच. मग एकदा कारखान्यातले साहेब जेवायला आले होते, त्यांनी विचारलं. काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं. त्यांना आवडलं. मग मीही वाढवत गेलो."

मुलीला इतका आनंद झाला की तिने त्याच क्षणी फोन काढून टोपलीचे चारी बाजूंनी फोटो घेतले. "आजोबा, आपण हिचा पास्ट शोधून काढू," म्हणाली. फोटोवरून वस्तू ओळखणारं काहीतरी तिच्या फोनमध्ये आहे. त्याने पहिल्यांदा सांगितलं, इंग्लंडमध्ये शेकोटीची लाकडं ठेवतात ती टोपली. दुसऱ्यांदा सांगितलं, घोड्याच्या तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा. तिसऱ्यांदा सांगितलं, छत्र्या ठेवण्यासाठी पोकळ केलेला हत्तीचा पाय.

"हत्तीचा पाय तुझ्या आजीच्या सामानात आला असता तर मी लग्नालाच उभा राहिलो नसतो," अप्पा म्हणाले. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर टोपली बाल्कनीत वर्तमानपत्रावर पालथी घातलेली आणि अप्पा चष्मा लावून समोर बसलेले. कोरड्या फडक्याने त्यांनी बुरशी पुसून काढली होती. व्हर्नियर घेऊन चामड्याची जाडी आठ ठिकाणी मोजली होती आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टोपलीचं चित्र काढून मापं लिहिली होती. कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला तो व्हर्नियर त्यांनी औषधांच्या डब्यात ठेवला होता हे मला तेव्हा कळलं.

"हे बघ," ते म्हणाले, "जाडी सगळीकडे सारखी नाही. मुद्दाम टोपलीसाठी कापलेलं चामडं असतं तर सारखं घेतलं असतं. आणि दोऱ्याची शिवण नाहीच कुठे. चामड्याच्याच बारीक पट्टीने शिवलंय."

त्या शनिवारी मुलीच्या ओळखीने आम्ही जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात गेलो. पेठेत, एका बोळात. दुकानदाराने आमच्याकडे न बघता टोपलीकडे बघितलं. "साहेबाच्या बंगल्यातली कचऱ्याची टोपली," त्याने निकाल दिला. "कागद टाकायची. कॅम्पातून अशा बऱ्याच येतात." आणि तळ बघायला म्हणून त्याने ती एका कानाला धरून वर उचलली. कान त्याच्या हातात आला, टोपली खाली.

"जुनी वस्तू आहे, होतं असं," तो म्हणाला.

अप्पा खाली वाकले, टोपली उचलली, त्याच्या हातातला कान घेतला आणि म्हणाले, "तुम्हाला जुन्या वस्तूंची सवय असेल असं वाटलं होतं."

बाहेर आल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "इतकी वर्षं मी लोकांना काडतुसं सांगितली," ते म्हणाले, "आणि निघाला कचरा."

कान शिवून घ्यायला हवा होता. आमच्या चौकात पिंपळाच्या सावलीला एक चप्पल-बॅगा दुरुस्त करणारे काका बसतात. पत्र्याची छोटी टपरी, आत एक रेडिओ. माझ्या सगळ्या सँडल्सना त्यांचा हात लागलाय, पण 'कधी होईल?' यापलीकडे आमचं बोलणं कधी झालेलं नव्हतं. मी टोपली आणि कान त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हातातला बूट बाजूला ठेवला, हात पुसले, मग टोपली मांडीवर घेतली. आतून हात फिरवला, तळाशी नख लावून पाहिलं, वास घेतला.

"कुणाची ही?"

"माझ्या मिसेसची," अप्पा म्हणाले. "कचऱ्याची आहे का?"

काकांनी वर पाहिलं. "कचऱ्याची? अहो, ही मोट आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला मोट माहीत नव्हती. काकांनी तिच्यासाठी सांगितलं. पूर्वी विहिरीतून पाणी बैलांनी ओढायचे. दोरांना चामड्याची भलीमोठी पिशवी बांधलेली असायची, तिला खाली हत्तीसारखी सोंड. बैल उतारावरून पुढे गेले की पिशवी भरून वर यायची, आणि सोंडेतून सगळं पाणी पाटात पडायचं. ती मोट.

"पण ही तर टोपली आहे," मुलगी म्हणाली.

"आता टोपली आहे. आधी नव्हती." त्यांनी टोपली उलटी केली आणि तळाची दुमड आरीच्या टोकाने किंचित उचकटून दाखवली. आत भोकांची एक ओळ होती, मोठी मोठी, ओढून लांबट झालेली. "ही जुनी भोकं. मोटेच्या तोंडाला लोखंडी कडं असतं, त्याला बांधायची. मोट कापून टोपली शिवली आणि जुनी भोकं सगळी आत दुमडून टाकली. बाहेरून एक दिसत नाही. कुणीतरी मन लावून केलंय हे." मग म्हणाले, "माझे वडील मोटा शिवायचे. मुळशीकडं. लहानपणी चामड्याच्या वाद्या ओढून धरायला मी बसायचो. या शिवणीची टोपली मात्र मी पाहिली नव्हती."

कान लावायला त्यांनी अर्धा तास घेतला. मशीन बाजूलाच होतं, पण त्यांनी चामड्याची बारीक वादी कापली, तेलात भिजवली आणि जुन्याच भोकांतून ओवून कान बसवला. अप्पा स्टुलावर बसून पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं बघत होते. दोन कारागीर समोरासमोर आले की जसं होतं तसं झालं. वादी किती जाडीची, आरीला धार कशी लावता, तेल कुठलं. करंजाचं, काका म्हणाले, दर दोन महिन्यांनी आतून-बाहेरून चोळा, बुरशी येणार नाही. निघताना त्यांनी टोपलीचे फोटो काढून घेतले, गावाकडच्या थोरल्या भावाला पाठवायला. "कुठून आली ते कळलं तर मला सांगा," म्हणाले.

ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. माझी मावशी. आईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, खडकवासल्याच्या पलीकडे एका गावात तिच्या मुलाकडे असते. पुढच्या रविवारी आम्ही तिघं गाडीने निघालो. धरणावर नेहमीची गर्दी, कणसं आणि भजी खाणारी माणसं अर्ध्या रस्त्यात. पोचेपर्यंत दुपार झाली.

मावशी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. आता तिला कमी दिसतं. मी टोपली तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला, कडेवरून बोटं फिरवली, आणि एकदम शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"अगं बया! ही अजून हाय?"

मग तिने सांगितलं ते असं. माझी आई जन्मली त्याच वर्षी त्यांच्या विहिरीवर तेलाचं इंजिन आलं. मोट खुंटीला लटकली. माझ्या आजोबांना ती टाकवेना. त्यांनी गावातल्या मोट शिवणाऱ्या माणसाला बोलावलं आणि म्हणाले, हिचं काहीतरी कर. त्याने दोन टोपल्या केल्या. एक शेतावर राहिली, उंदरांनी खाल्ली. दुसरी ही.

"आणि हिच्यात काय ठेवायचात गं तुम्ही?" मी विचारलं.

"तुझ्या आईला," मावशी म्हणाली.

आम्हाला वाटलं तिला ऐकू आलं नाही. पण ती हसत होती. "म्या दहा वर्षांची. आई खुरपायला जायची, पोरगी माझ्या गळ्यात. म्या पण खुरपायची का तिला सांभाळायची? मग टोपलीत धडुतं घालायचं, वर तिला बसवायचं आन् टोपली बांधावर आंब्याखाली ठेवायची. उभी राह्यली तर कडेला धरून उभी राह्यची, बाहेर काय पडता यायचं न्हाई. चामडं पाक भिजवून ठेवायची सटवी. पर टोपलीला काय व्हतंय, पाण्यातलीच ती!"

मुलगी इतकी हसली की तिला खोकला आला. अप्पा मात्र हसले नाहीत. ते टोपलीकडे बघत होते.

"मला का नाही सांगितलं कधी तिने?" ते म्हणाले.

मावशी जरा ओशाळली. "दाजी, रागवू नगा. तुम्ही ती साहेबाची गोष्ट सांगाया लागला तवा ती हितं येऊन हसून हसून लोळली. म्या म्हणलं, खरं सांग की त्यास्नी. तर म्हणली, न्हाई गं आक्का. एरवी कारखान्यातून दमून येतात, बोलत न्हाईत. ह्या टोपलीवर बोलतात. बोलू दे. दर येळंला डुक्कर मोठं होतंय, मला बी ऐकायचंय कुठवर जातंय ते."

अप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि रडतही होते, पण आधी हसत होते. "अस्वल," ते कसेबसे म्हणाले, "शेवटी अस्वल केलं होतं मी." मावशीने पदर तोंडाला लावला. ओसरीत चौघं हसत होतो आणि आतून मावसभावाची बायको, काय झालं म्हणून, पिठाच्या हातांनी बाहेर आली.

परत निघताना मी मावशीला विचारलं, टोपली शिवणाऱ्याचं नाव काय होतं. तिने खूप आठवून पाहिलं. "नाव न्हाई ध्यानात. कामावरनंच हाक मारायचे. ओसरीवर कधी घेतला न्हाई त्याला, अंगणातच बसून शिवायचा. आन् टोपली बघ, आम्ही चुलीपाशी ठिवायचो." तिने शेंगांचं सूप पुन्हा पुढे ओढलं. "वंगाळ व्हतं ते," एवढंच पुढे म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी अप्पा माझ्याबरोबर जिना उतरून चौकात आले, काकांना सगळं सांगायला. स्वतःहून उतरले. बाळाची गोष्ट ऐकून काका खूप हसले. मग त्यांनीही तेच विचारलं. "नाव काय त्यांचं?" अप्पांनी मान खाली घातली आणि जे मावशी म्हणाली होती ते जसंच्या तसं सांगितलं, अंगणासकट. काकांनी हातातली सुई थांबवली नाही. "आमच्याकडं पण अंगणच होतं," ते म्हणाले. मग शेजारचं स्टूल जरा पुसून अप्पांच्या दिशेने सरकवलं. "बसा. चहा सांगतो." अप्पा बसले. मी भाजी घेऊन परत आले तरी दोघं बोलत होते.

आता टोपलीचं करायचं काय, हा प्रश्न होता. मुलीने तिच्यात रबराच्या झाडाची कुंडी ठेवली. पाणी घातलं की तळाशी ओल, आणि अप्पा फडकं घेऊन मागे. मी मासिकं ठेवून पाहिली, तर ती तिच्या गोल पोटात वाकून पडायची. इस्त्रीचे कपडे ठेवूया म्हटलं तर अप्पा नको म्हणाले.

एका सकाळी मी दात घासत होते तेव्हा बाल्कनीतून अप्पांचा आवाज आला. "गवार कोवळी आहे का?" खालून भाजीवाल्या बाईंचा आवाज, "खाली येऊन बघा की आजोबा!" अप्पा म्हणाले, "मी येत नाही. गवार वर येईल." बाहेर येऊन बघते तर कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला त्यांनी टोपली बांधली होती आणि कठड्यावरून हळूहळू खाली सोडत होते. टोपली तळाला टेकली, गवार चढली, वर कोथिंबिरीची जुडी. वर ओढताना ती अशी गिरक्या घेत आली की मी तोंडातला फेस तसाच ठेवून बघत राहिले.

"बघतेस काय," अप्पा म्हणाले. "मोट आहे. कामाला लावली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांकडून दोन्ही कानांत पितळेच्या कड्या बसवून आणल्या, बाल्कनीच्या छताच्या हुकाला एक कप्पी लावली, आणि नायलॉनऐवजी सुती दोर आणला. कप्पीला तेल दिलं. मग दूध, पेपर, माझी विसरलेली छत्री, मुलीचा डबा, सगळंच टोपलीने जा-ये करायला लागलं.

आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यावरून तक्रार आली. तिथे एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान राहतात. बाई वर आल्या नाहीत. त्यांनी टोपली आपल्या खिडकीसमोरून जाताना धरली, आत एक चिठ्ठी टाकली आणि सोडून दिली. अप्पांनी वर ओढली आणि मला वाचून दाखवली. 'आपली टोपली रोज सकाळी आमच्या घरात डोकावते. तिला आत यायचे असल्यास बेल वाजवावी.'

मला लाज वाटली. अप्पांना नाही. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कागदाचा एक तुकडा फाडला, पेन्सिलने लिहिलं, 'बेलपर्यंत तिचा हात पोचत नाही. क्षमस्व,' आणि चार पेरूंसकट टोपली खाली सोडली. टोपली दुसऱ्या मजल्यावर थांबली. दोर हलका झाला. थोड्या वेळाने परत जड झाला. वर आलं ते एका डब्यात अळूच्या वड्या आणि चिठ्ठी: 'पेरू कच्चे होते. वड्या गरम खाव्यात. आमच्या ह्यांना बुद्धिबळाला कुणी मिळत नाही. आपणांस येते का?'

अप्पांना येतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते खेळायचे. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कठडा धरत एक जिना उतरले. हल्ली रोज उतरतात. यजमानांना डाव हरलेला अजिबात खपत नाही, आणि अप्पांना मुद्दाम हरता येत नाही, त्यामुळे वरपर्यंत आवाज येतात. शिक्षिकाबाईंनी मला एकदा जिन्यात गाठून सांगितलं, "तुमच्या वडिलांनी परवा एका इंग्रज साहेबाची आणि अस्वलाची गोष्ट सांगितली. खरी आहे का हो ती?"

मी म्हटलं, "आईला विचारायला हवं होतं."

काल जेवणाची वेळ टळून गेली तरी अप्पा वर आले नव्हते. मी बाल्कनीतून ओणवी होऊन हाक मारली. खालच्या खिडकीतून आधी यजमानांचा चिडका आवाज आला, मग सोंगट्या पुन्हा मांडल्याचा, आणि मग अप्पांचा, "तुम्ही दोघी जेवून घ्या गं. हा डाव जरा चालणार आहे."